दत्त चौकातला जाम मोजायचा कसा?

संध्याकाळी सहा-साडेसहाला यवतमाळच्या दत्त चौकातून गाडी काढून बघा. म्हणजे काढता आली तर! समोर ऑटो उभा, बाजूला फळांचा ठेला, मागून हॉर्नवर हॉर्न आणि मधेच कुणीतरी उलट्या बाजूनं घुसलेला. कसेबसे क्लासला पोहोचता. उशीर का झाला? ‘सर, भल्लाच जाम होता.’ तुमचा मित्र त्याच रस्त्यानं आलेला असतो. तो म्हणतो, ‘कुठं? कालच्यापेक्षा कमीच होता.’

आता खरं कोणाचं?

ताप आला की आपण थर्मामीटर लावतो. पाऊस मिलिमीटरमध्ये सांगतो. कापसात ओलावा किती, हे बघायलासुद्धा मीटर असतं आणि त्यावर शेतकऱ्याचा भाव ठरतो. जाम मात्र आपण अजून ‘थोडा’, ‘जास्त’ आणि ‘बाप्पा!’ या तीन मापांतच मोजतो. आणि गंमत म्हणजे याच मापांवर मोठमोठ्या मागण्या होतात. रस्ता रुंद करा, उड्डाणपूल बांधा, ठेले हटवा, वन-वे करा. कोणाचा तरी रोजगार आणि आपल्या सगळ्यांचे पैसे त्यात जातात. मग आधी मोजायला नको?

आपला नंबर कितवा?

दरवर्षी जानेवारीत एक बातमी तुमच्या फोनवर येतेच. जगातली सगळ्यात जाम शहरं! ती यादी बहुतेक वेळा ‘टॉमटॉम’ नावाच्या नेदरलँड्समधल्या नकाशा कंपनीची असते. २०२४च्या यादीत पुणे जगात चौथं होतं. दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. म्हणजे ताशी १८ किलोमीटर. पुण्यात शिकणाऱ्या तुमच्या दादा-ताईनं ही बातमी स्टेटसला ठेवली असेल, त्यात थोडा वैताग आणि थोडा अभिमानही असेल.

यवतमाळचा नंबर? नाहीच. अशा याद्यांमध्ये मोठी शहरं असतात. २०११च्या जनगणनेत यवतमाळ नगरपालिकेची लोकसंख्या होती १ लाख १६ हजारांच्या आसपास. यादीत नाव नाही म्हणजे जाम नाही, असं तर नाही ना! वणीत कोळशाचे ट्रक, पांढरकवड्याला महामार्ग, पुसदला बाजाराची गर्दी, पण हे कुणी मोजून जगाला सांगत नाही.

बरं, मोजतात कसं? आपल्याच खिशातल्या फोनवरून. लोकेशन चालू असलेले फोन रस्त्यानं किती वेगानं सरकताहेत, यावरून नकाशावरची रेघ हिरवी, केशरी किंवा लाल होते. गूगल हे २००९पासून शहरांतल्या रस्त्यांसाठी करतंय. स्वस्त आणि मस्त. रस्त्यात एकही यंत्र पुरायला नको.

पण फसवताही येतं. फेब्रुवारी २०२०मध्ये बर्लिनच्या सायमन वेकर्ट नावाच्या कलाकारानं काय केलं, तर एका छोट्या लाल हातगाडीत ९९ फोन भरले, सगळ्यांवर नकाशा चालू केला आणि रिकाम्या रस्त्यानं गाडी ओढत रमतगमत चालला. नकाशावर तो रस्ता लाल! एकही गाडी नाही आणि जाम मात्र कडक. यावर गूगलचं उत्तर मजेशीर होतं. भारत, इंडोनेशिया, इजिप्त अशा काही देशांत आम्ही कार आणि मोटरसायकल वेगळी ओळखू शकतो, हातगाडी ओळखणं अजून जमलेलं नाही, अशा अर्थाचं.

आता आपल्याकडचा नवरात्रातला दुर्गोत्सव आठवा. रात्री दहा वाजता देखावे बघायला गावागावांतून आलेली माणसं पायी चालताहेत. प्रत्येकाच्या हातात फोन. ती गर्दी म्हणजे जाम की उत्सव? आणि उलटं बघा. बैलबंडी हाकणाऱ्या काकांच्या खिशात साधा बटणांचा फोन असेल, तर नकाशाच्या लेखी ते रस्त्यावर नाहीतच. त्यांची बंडी मात्र अर्धा रस्ता व्यापून आहे.

मंद आहे की कोंडलंय?

इथं जरा थांबा, कारण मला या सगळ्यात सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट ही आहे. जाम असणं आणि हळू असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

समजा दोन शहरं आहेत. पहिल्यात कॉलेजला जायला पहाटे रिकाम्या रस्त्यानं २० मिनिटं लागतात आणि गर्दीच्या वेळी ४०. दुसऱ्यात तेवढंच अंतर, पण रस्ता खड्ड्यांचा, अरुंद, वाकडातिकडा. तिथं पहाटेही ४० मिनिटं आणि गर्दीत ४४. आता जामचं नेहमीचं माप काय? रिकाम्या रस्त्यापेक्षा किती टक्के जास्त वेळ लागला. पहिलं शहर शंभर टक्के, दुसरं दहा टक्के. म्हणजे यादीत पहिलं शहर बदनाम आणि दुसरं शहाणं! पण दुसऱ्या शहरातला पोरगा चार मिनिटं उशिराच पोहोचतो ना?

प्रोत्तय अकबर आणि त्यांच्या तीन सहकारी अर्थतज्ज्ञांनी नेमकं हेच भारतासाठी तपासलं. २०१८मध्ये त्यांचा अभ्यास आला. १५४ भारतीय शहरं आणि नकाशाच्या सेवेला विचारलेल्या २ कोटी २० लाखांहून जास्त फेऱ्या. या फेऱ्या प्रत्यक्षात कुणी मारल्या नाहीत. ‘इथून तिथं आत्ता निघालो तर किती वेळ लागेल?’ हा एकच प्रश्न दिवसरात्र विचारत राहिले. निघालं काय, तर शहराशहरांच्या वेगात जो फरक आहे, तो मुख्यतः जाममुळे नाहीच. रस्ते रिकामे असतानाही काही शहरं हळूच चालतात. आणि जी शहरं जास्त कमावती, तिथं जाम जास्त असूनही एकूण प्रवास वेगवान, कारण रस्त्यांचं जाळं बरं.

याच चमूनं पुढं जगातल्या १५२ देशांतली बाराशेहून जास्त शहरं घेतली. २०२३मध्ये तो अभ्यास आला, तेव्हा सगळ्यात संथ शहर ठरलं बांगलादेशचं ढाका. सगळ्यात कोंडलेलं मात्र कोलंबियातलं बोगोटा. बघा, दोन वेगळी नावं! आणि संथ शहरांत पाचवं कोण? आपलं भिवंडी. मुंबईपेक्षा, पुण्यापेक्षा संथ. यंत्रमागांचं, गोदामांचं गाव. तिथल्या माणसाला हे सांगायला अभ्यास लागला नसता, पण आता आकडा आहे. आकडा असला की तो घेऊन भांडता येतं.

म्हणून पुढच्या वेळी ‘जाम होता’ म्हणण्याआधी एकदा सकाळी पाच वाजता त्याच रस्त्यानं जाऊन वेळ लावा. (हो, पाच वाजता. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मित्राला सांगा, तो तसाही पळतच असतो.) पहाटेही तेवढाच वेळ लागत असेल, तर दोष गर्दीचा नाही. खड्ड्याचा आहे, गतिरोधकाचा आहे, नाहीतर रस्ता खोदून ठेवणाऱ्याचा.

एक बैलबंडी बरोबर आठ कार

रस्त्यावर शंभर गाड्या होत्या असं म्हटलं, तर त्याला अर्थ नाही. शंभर स्कूटी आणि शंभर ट्रक सारखे कसे? म्हणून इंजिनिअर लोक सगळ्या वाहनांचं कारमध्ये रूपांतर करतात. या मापाला म्हणतात पॅसेंजर कार युनिट, थोडक्यात पीसीयू. हे नियम ठरवते इंडियन रोड्स काँग्रेस. नावावर जाऊ नका, पक्षाशी काही संबंध नाही. १९३४पासून ही संस्था आपल्याकडच्या रस्त्यांची मानकं तयार करते.

तिची १९९०ची शहरी रस्त्यांची मार्गदर्शिका बघाल तर मजा येईल. कार म्हणजे १. टू-व्हीलर ०.५, पण एकूण वाहनांत त्या दहा टक्क्यांहून जास्त झाल्या की प्रत्येकी ०.७५. ऑटो १.२ ते २. बस किंवा ट्रक २.२ ते ३.७. ट्रॅक्टर-ट्रॉली ४ ते ५. हातगाडी २ ते ३. म्हणजे मालानं भरलेली हातगाडी ढकलत चाललेला माणूस कागदावर दोन कारइतका. आणि त्याच वर्षीच्या ग्रामीण रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत बैलगाडी किती? ८! पोळ्याला आपण ज्यांना पुरणपोळी भरवतो, ते दोघं मिळून आठ कारची जागा घेतात. जागा म्हणजे लांबी-रुंदीच नाही हं. मागच्यांना किती हळू व्हावं लागतं, हेही त्यात धरलेलं असतं.

चला, एक गणित करू. आकडे काल्पनिक आहेत, पण चौक ओळखीचा वाटेल. समजा एका दुपदरी रस्त्यावर १५ मिनिटांत दोन्ही बाजूंनी मिळून २०० टू-व्हीलर, २० कार, ३० ऑटो, ४ एसटी आणि २ ट्रॅक्टर-ट्रॉली गेल्या. टू-व्हीलरचे झाले १५०, कारचे २०, ऑटोचे ६०, एसटीचे ८.८ आणि ट्रॉलीचे ८. बेरीज २४६.८. चारनं गुणा, तासाला झाले सुमारे ९८७ पीसीयू.

आता हे जास्त की कमी? इथं खरी मेख आहे. मार्गदर्शिका म्हणते, दुपदरी, दोन्हीकडून वाहतूक असलेला रस्ता जर असा असेल की कडेला दुकानं-घरांची दारं उघडतात पण गाड्या उभ्या राहत नाहीत, तर तो तासाला १२०० पीसीयू नीट पेलतो. आणि तोच रस्ता जर कडेला गाड्या लावलेला आणि मधून सतत आडवी ये-जा असलेला असेल, तर फक्त ९००.

परत वाचा. रुंदी तीच, डांबर तेच. कडेला लावलेल्या गाड्या हटल्या तर ३०० पीसीयूचा फरक. आपला ९८७वाला रस्ता एका हिशेबात बुडालेला आणि दुसऱ्या हिशेबात आरामात. एक वीट न हलवता!

आपल्याकडे अतिक्रमण हटाव मोहीम निघाली की आधी ठेलेवाला उठतो. कडेला दिवसभर उभी असलेली चारचाकी मात्र ‘पार्किंग’ असते. मला विचाराल तर कोणी किती जागा किती वेळ अडवली, हे मोजल्याशिवाय कोणालाच उठवू नये. एक कार कडेला दहा तास उभी, त्यात माणसं शून्य. तेवढ्याच जागेत ठेला, त्यावर एक घर चालतं. हे मोजणं अवघड नाही. टेप, वही आणि एक दिवस पुरे.

त्याच गणितात आणखी एक गंमत लपलेली आहे. चार एसटींचे पीसीयू फक्त ८.८. एकेका एसटीत ४० माणसं धरली तर १६० माणसं गेली. २० कारमध्ये दोन-दोन धरले तर ४० माणसं, आणि पीसीयू २०. हे माप वाहनं मोजतं, माणसं मोजत नाही. पास काढून घाटंजी, दारव्हा, कळंबहून रोज कॉलेजला येणाऱ्यांनो, तुम्ही रस्त्यावर जवळजवळ जागाच घेत नाही. हे कुणीतरी तुम्हाला सांगायला हवं होतं.

हॉर्नवरून वेग

परदेशात रस्त्याखाली तारेचं वेटोळं पुरतात. वरून गाडी गेली की मोजली जाते. आपल्याकडे? एका लेनमध्ये एक गाडी चालेल तर ना! दोन टू-व्हीलर, एक ऑटो आणि मधल्या फटीतून सायकल, सगळे एकाच वेटोळ्यावर. यंत्राला काही कळत नाही.

मग आयआयटी मुंबईत रिजुरेखा सेन, भास्करन रामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोकं लावलं. आपल्या रस्त्यावर कशाची कमतरता नाही? हॉर्नची! २०१०मध्ये त्यांनी मांडलेल्या पद्धतीचं नावच ‘हॉर्न ओके प्लीज’. रस्त्याच्या कडेला थोड्या अंतरावर दोन रेकॉर्डर ठेवायचे. मधून जाणारी गाडी हॉर्न वाजवते. ती ज्या रेकॉर्डरकडे येतेय, तिथं आवाज किंचित चढा ऐकू येतो आणि ज्याच्यापासून लांब जातेय, तिथं किंचित उतरता. फिजिक्समधला डॉपलर परिणाम, आठवला? पेपरनंतर विसरलात, तोच.

३००० हर्ट्झचा हॉर्न आणि ताशी ३६ किलोमीटर वेग धरा. पुढच्या रेकॉर्डरला साधारण ३०९१ हर्ट्झ मिळतील, मागच्याला २९१४. दोघांची वजाबाकी भागिले बेरीज, गुणिले आवाजाचा वेग, म्हणजे सेकंदाला ३४० मीटर. उत्तर येतं सेकंदाला दहा मीटर. म्हणजे ताशी ३६. हॉर्नचा मूळ सूर माहीत नसला तरी चालतं, तो गणितात आपोआप कटतो.

त्याच गटानं २०१२मध्ये आणखी एक जुगाड केला, नाव ‘क्यूं क्यू’. रस्त्याच्या एका बाजूला छोटा रेडिओ पाठवणारा, दुसऱ्या बाजूला घेणारा. मधे गाड्यांची रांग तुंबली की सिग्नल अडखळतो. त्यावरून रांग लागली की नाही ते कळतं. बंगळुरूत मायक्रोसॉफ्ट रिसर्चनं त्याआधी, २००८मध्ये, फोनमधला माइक आणि हादरे टिपणारं सेन्सर वापरून हॉर्न, खड्डे आणि ब्रेक ओळखायचा प्रयोग केला होता. मुंबई वाहतूक पोलिसांनी तर जानेवारी २०२०मध्ये हॉर्नचा वेगळाच उपयोग दाखवला. सिग्नलला आवाज मोजणारं यंत्र जोडलं, आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून. वाजवा अजून!

तुम्हीच मोजा ना

हे सगळं वाचून वाटेल, आपल्याकडे कुठं रेडिओ आणि सेन्सर. पण एक जुनी पद्धत आहे, तिला लागते फक्त एक टू-व्हीलर, दोन माणसं आणि स्टॉपवॉच. १९५४मध्ये ब्रिटनमध्ये वॉर्ड्रॉप आणि चार्ल्सवर्थ यांनी ती मांडली. चालवणारा चालवेल, मागं बसणारा मोजेल. (तिसऱ्याला सोबत घेऊ नका. मोजायला गेलात आणि चलन घेऊन आलात, असं नको.)

समजा आर्णी रोडचा एक किलोमीटर घेतला आणि तुम्हाला शहरातून बाहेर जाणाऱ्या गाड्या मोजायच्या आहेत. आधी उलट दिशेनं, म्हणजे शहराकडे या. समोरून येणाऱ्या गाड्या मोजा. समजा ३ मिनिटं लागली आणि ६५ गाड्या दिसल्या. मग गाड्यांच्या दिशेनं जा. समजा ४ मिनिटं लागली, ८ जणांनी तुम्हाला ओव्हरटेक केलं आणि तुम्ही ३ जणांना. फरक ५. आता ६५ अधिक ५ म्हणजे ७०, भागिले एकूण ७ मिनिटं. मिनिटाला १० गाड्या, तासाला ६००. आणि त्या प्रवाहाचा सरासरी वेळ? तुमच्या ४ मिनिटांतून ५ भागिले १०, म्हणजे अर्धा मिनिट वजा. साडेतीन मिनिटं. एका किलोमीटरला साडेतीन मिनिटं म्हणजे वेग ताशी १७ किलोमीटर. पुण्याच्या १८पेक्षाही कमी! अर्थात आकडे समजा-समजाचे आहेत. खरे तुम्ही आणा. एका फेरीवर विसंबू नका, पाच-सहा फेऱ्या करून सरासरी काढा.

चौकातली मोजणी करायची तर एखाद्या ओळखीच्या दुकानाच्या गच्चीवरून १५ मिनिटांचा व्हिडिओ काढा. नंतर घरी बसून हळू चालवून मोजा, वाहनाच्या प्रकारानुसार चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. एकानं मोजलं की दुसऱ्यानं परत मोजायचं. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यानं. रस्त्यात उभं राहून मोजू नका, तुम्हीच जामचं कारण व्हाल.

आणि हो, फक्त सरासरी लिहून थांबू नका. समजा एकाच रस्त्यानं तुम्ही वीस वेळा गेलात. एकोणीस वेळा १० मिनिटं लागली, एकदा ४०. सरासरी साडेअकरा मिनिटं. छान वाटतं ना? पण ती चाळीसवाली फेरी तुमच्या पेपरच्या दिवशीची असेल तर? किंवा त्या दिवशी तुमच्या मागं वसंतराव नाईक मेडिकलकडे निघालेली अँब्युलन्स असेल तर? घाटंजी, राळेगावकडून पेशंट घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरला सरासरीशी देणंघेणं नाही. त्याला ती विसावी फेरी माहीत हवी. म्हणून सगळ्यात वाईट वेळ वेगळी लिहा, आणि त्या दिवशी काय होतं तेही लिहा. लग्नाची वरात, मोर्चा, बंद पडलेला सिग्नल, काहीही.

कधी मोजायचं, हेही ठरलेलं आहे बरं का. गावाबाहेरच्या रस्त्यांच्या मोजणीचा इंडियन रोड्स काँग्रेसचा १९७२चा नियम सांगतो, सलग सात दिवस, चोवीस तास आणि वर्षातून निदान दोनदा. एकदा पीक निघून बाजारात येतं तेव्हा आणि एकदा मंदीच्या दिवसांत. जत्रेसारखं काही असेल तर मोजणी पुढं ढकलायची. पन्नास वर्षांपूर्वी हे लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं की इथलं ट्रॅफिक ऑफिसच्या वेळेवर नाही, पिकावर चालतं. जागतिक यादीवाल्यांना कापसाचा सीझन कुठून कळणार? दिवाळीनंतर कापूस भरलेल्या गाड्या जिनिंगकडे निघाल्या की तोच रस्ता वेगळा होतो, हे आपल्याला कळतं.

कॉलेजच्या एनएसएस युनिटला किंवा स्टॅटिस्टिक्सच्या सरांना विचारून बघा, प्रोजेक्ट म्हणून चालेल का. पहिली मोजणी आत्ता पावसाळ्यात उरकली, तर दुसरी डिसेंबरात ठेवा. जागा, वार आणि वेळ तीच, आणि वहीसुद्धा तीच.